चार अंकी गुप्त संख्येचा खेळ: उत्तर असूच शकत नाही अशी संख्या मुद्दाम विचारावी का?

रानजाई:

नमस्कार. मोबाईलवर खेळल्या जाणाऱ्या 'बैल आणि गायी' या अंकांच्या खेळाबद्दल एक नेमका प्रश्न विचारायचा आहे. ज्यांना खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगते. फोन चार अंकांची एक संख्या मनात धरतो. तिच्यातले चारही अंक वेगवेगळे असतात आणि सुरुवातीला शून्यही चालते. आपण एक संख्या विचारली की फोन दोनच गोष्टी सांगतो: किती अंक बरोबर असून आपल्या जागेवरही आहेत (हे बैल), आणि किती अंक संख्येत आहेत पण जागा चुकली आहे (या गायी). कोणता अंक बैल आणि कोणता गाय, हे मात्र तो सांगत नाही.

काल रात्रीचा डाव असा झाला. १२३४ विचारल्यावर १ बैल, १ गाय असे उत्तर आले. मग १५२६ विचारले, तर बैल एकही नाही, गायी २. त्यानंतर ६०१४ विचारल्यावर २ बैल, १ गाय. इथून पुढे मी ६१९४ विचारले आणि ३ बैल मिळाले, नंतर ६१८४ ला पुन्हा ३ बैल, आणि सहाव्या खेपेला ६१७४ हे उत्तर सापडले.

माझा प्रश्न चौथ्या खेळीबद्दल आहे. आतापर्यंत मिळालेल्या सगळ्या उत्तरांशी जुळेल अशीच संख्या दर वेळी विचारायची, म्हणजे एकही संधी वाया जात नाही, असे माझे आजवरचे धोरण आहे. माझ्या कार्यालयातील एका सहकाऱ्यांचे म्हणणे मात्र वेगळे आहे. उत्तर असूच शकत नाही अशी संख्या कधी कधी जाणूनबुजून विचारावी, कारण तिच्यातून जास्त माहिती मिळते, असे ते म्हणतात. मला हे पटत नाही, कारण अशा खेळीने डाव जिंकण्याची शक्यता शून्य असते. पण ते चूक आहेत हे सिद्धही करता येत नाही. वरच्याच डावावर कोणी हे तपासून दाखवू शकेल का?

चतुरंग:

प्रश्न फार चांगला आहे, आणि आपण संपूर्ण डाव दिल्यामुळे त्याचे उत्तर अंदाजाने न देता मोजून देता येते. आधी तिसऱ्या उत्तरानंतर कोणत्या संख्या शिल्लक राहतात ते पाहू. ६०१४ ला २ बैल आणि १ गाय, म्हणजे ६, ०, १, ४ यांपैकी नेमके तीन अंक गुप्त संख्येत आहेत. चौथा कोणता नाही, यावरून चार शक्यता होतात.

समजा ० नाही. मग ६, १, ४ आहेत. पहिल्या खेळीतील दोन अंक (१ आणि ४) सापडले, म्हणून २ आणि ३ बाद. दुसऱ्या खेळीतील दोन (१ आणि ६) सापडले, म्हणून ५ बाद. उरलेला अंक ७, ८, ९ यांपैकी एक. दुसऱ्या खेळीत एकही बैल नव्हता, त्यामुळे १ पहिल्या जागी नाही, आणि म्हणून पहिल्या खेळीतला बैल ४ हाच असला पाहिजे, म्हणजे ४ शेवटच्या जागी पक्का. आता तिसऱ्या खेळीत ४ व्यतिरिक्त आणखी एकच बैल हवा. तो ६ असेल तर १ दुसऱ्या जागी जातो आणि ६१७४, ६१८४, ६१९४ मिळतात. तो १ असेल तर ६ दुसऱ्या जागी जातो आणि ७६१४, ८६१४, ९६१४ मिळतात.

समजा ४ नाही. मग ६, ०, १ आहेत, दुसऱ्या खेळीचा हिशेब ६ आणि १ यांनी पूर्ण होतो आणि पहिल्या खेळीसाठी ३ लागतो. १ पहिल्या जागी नाही म्हणून ३ आपल्या जागी, म्हणजे तिसऱ्या. तिथे १ ला जागा उरत नाही, म्हणून तिसऱ्या खेळीतली गाय १ आणि बैल ६ व ०. एकच संख्या: ६०३१.

समजा १ नाही. मग ६, ०, ४ सोबत असा एकच अंक हवा की जो पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही खेळींचा हिशेब पूर्ण करील, आणि तो फक्त २ आहे. २ दुसऱ्या जागी ठेवून पाहा: ० ला स्वतःची जागा मिळत नाही, म्हणून ६ आणि ४ बैल ठरतात, पण मग पहिल्या खेळीत २ आणि ४ असे दोन बैल होतात, जे चालत नाही. म्हणून ४ शेवटी, २ पहिल्या जागी, आणि उरते २०६४. शेवटी, ६ नाही असे धरले तर चौथा अंक ५ घ्यावा लागतो आणि कोणतीही मांडणी जुळत नाही.

म्हणजे शिल्लक नेमक्या ८ संख्या आहेत: ६१७४, ६१८४, ६१९४, ७६१४, ८६१४, ९६१४, ६०३१ आणि २०६४.

आता खरा मुद्दा. खेळीचे मोल ती जिंकून देईल की नाही एवढ्यावर ठरत नाही. तिला येणाऱ्या वेगवेगळ्या उत्तरांमुळे या आठ संख्यांचे किती गट पडतात, यावर ते ठरते. आपण ६१९४ विचारले. तिच्यामुळे गट पडतात पाच: ती स्वतः, ९६१४ एकटी, ६१७४ व ६१८४ एकत्र, ७६१४ व ८६१४ एकत्र, आणि ६०३१ व २०६४ एकत्र. त्याऐवजी ७६१४ विचारली असती तर सहा गट पडले असते, कारण ६०३१, २०६४ आणि ६१७४ या तिन्ही वेगळ्या पडतात आणि जोड्या दोनच राहतात. म्हणजे आपल्या धोरणात राहूनही, उत्तराशी जुळणाऱ्या संख्यांमध्येसुद्धा डावे-उजवे असते.

आता ६८७१ ही संख्या घ्या. ती उत्तर असूच शकत नाही, कारण तिच्यात १२३४ मधला एकच अंक आहे. पण तिला येणारी उत्तरे पाहा. ६०३१ असेल तर २ बैल. ६१७४ असेल तर २ बैल १ गाय. ६१८४ असेल तर १ बैल २ गायी. ६१९४ असेल तर १ बैल १ गाय. ९६१४ असेल तर २ गायी. २०६४ असेल तर १ गाय. आणि ७६१४ किंवा ८६१४ असेल तर ३ गायी. सात गट, आणि जोडी फक्त एक.

आठही शक्यता सारख्याच धरल्या तर इथून पुढे लागणाऱ्या खेळींची सरासरी ६१९४ साठी २.२५ येते, आणि ७६१४ व ६८७१ या दोन्हींसाठी २.१२५ येते. सरासरीत दोघी बरोबरीत आहेत. फरक पडतो तो संधी संपत आल्यावर. समजा, आपल्याकडे दोनच खेळी उरल्या आहेत. ७६१४ ने सुरुवात केली तर आठांपैकी ६ परिस्थितींत डाव सुटेल, ६८७१ ने सुरुवात केली तर ७ परिस्थितींत. ६१९४ ने केली तर ५. तेव्हा आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण नेहमीसाठी नाही: संधी भरपूर असतील तर जुळणारी चांगली संख्या विचारण्यात काहीच नुकसान नाही, आणि दोनच संधी उरल्या असतील तर न जुळणारी संख्याच विचारावी.

गुरुजी_निवृत्त:

चतुरंग यांनी केलेली फोड वाचून आनंद झाला. मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले आणि ऑफ तासाला मुलांकडून हा खेळ कागदावर खेळून घेत असे, त्यामुळे फोन नसतानाही हा विचार कसा करता येतो याबद्दल थोडे लिहितो.

वहीच्या पानावर एक तक्ता आखावा. दहा ओळी, ० ते ९ या अंकांसाठी, आणि चार रकाने, चार जागांसाठी. एखादा अंक एखाद्या जागी नाही असे कळले की त्या चौकोनात फुली मारायची, अंक मुळातच नाही असे कळले की संपूर्ण ओळीवर रेघ. आपल्या डावात १५२६ ला एकही बैल आला नाही, तेव्हा लगेच चार फुल्या पडतात: पहिल्या जागी १, दुसऱ्या जागी ५, तिसऱ्या जागी २, चौथ्या जागी ६. वरच्या सगळ्या युक्तिवादात '१ पहिल्या जागी नाही' हे वाक्य किती वेळा कामी आले ते पाहा. मुले नेहमी किती अंक सापडले याकडे पाहतात आणि 'बैल शून्य' या माहितीकडे दुर्लक्ष करतात, आणि डाव तिथेच लांबतो.

तीच गोष्ट 'काहीच नाही' या उत्तराची. पहिल्याच खेळीला एकही बैल नाही, एकही गाय नाही असे ऐकले की वर्गात मुलांची तोंडे पडत. प्रत्यक्षात हे उत्तर फार मोलाचे आहे. एकूण संख्या १० × ९ × ८ × ७ म्हणजे ५०४०. 'काहीच नाही' असे उत्तर आले की चार अंक कायमचे गेले आणि सहाच अंक उरले, म्हणजे ६ × ५ × ४ × ३ = ३६० संख्या. याउलट '१ गाय' हे ऐकायला बरे वाटणारे उत्तर आले तर १४४० संख्या शिल्लक राहतात, म्हणजे चौपट.

दुसरा सापळा तीन बैलांचा. तीन बैल मिळाले की आता एकच अंक बदलायचा आहे असे समजून मुले एकेक अंक बदलत बसतात. समजा, पहिले तीन अंक ७, २, ५ आहेत हे पक्के झाले आहे, ९ नाही हेही माहीत आहे, आणि शेवटच्या जागेसाठी ०, १, ३, ४, ६, ८ असे सहा अंक उरले आहेत. एकेक करून तपासले तर सहा खेळीही लागू शकतात. त्याऐवजी १०९३ विचारा. बैल आला तर ३, गाय आली तर ० किंवा १, काहीच आले नाही तर ४, ६, ८ यांपैकी एक. तिसऱ्या परिस्थितीत पुढची खेळी ६०९४ ठेवा: बैल आला तर ४, गाय आली तर ६, काहीच नाही तर ८. म्हणजे सहाही परिस्थितींत तीन खेळींत डाव संपतो. रानजाई यांच्या मनातल्या शंकेचे निरसन करायला हे उदाहरण मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण इथे १०९३ आणि ६०९४ या दोन्ही संख्या उत्तर असू शकत नाहीत हे लहान मुलालाही दिसते आणि तरीही त्याच डाव वाचवतात.

रानजाई:

दोघांचेही मनापासून आभार. आठ संख्यांची यादी मी स्वतः पुन्हा तपासून पाहिली आणि ती बरोबर आहे. गुरुजी, तक्ता आखायला सुरुवात केली आहे.

आणखी दोन शंका आहेत. पहिली खेळी मी नेहमी १२३४ ठेवते, त्याऐवजी दुसरी एखादी संख्या अधिक चांगली आहे का? आणि कोणतीही गुप्त संख्या असली तरी अमुक खेळींत सुटेलच, अशी काही मर्यादा ठाऊक आहे का?

संगणकवाला:

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. आपल्या नियमांत शून्यासकट सर्व अंकांना सारखीच वागणूक आहे, म्हणून १२३४ काय आणि ७०९५ काय, पहिली खेळी म्हणून दोन्हींचे मोल तंतोतंत सारखे आहे. काही ॲपमध्ये संख्येची सुरुवात शून्याने होत नाही, तिथे एकूण संख्या ४५३६ होतात आणि शून्याला वेगळा दर्जा मिळतो, त्यामुळे हे विधान तिथे लागू पडत नाही.

या खेळात एका खेळीला एकूण १४ प्रकारची उत्तरे येऊ शकतात. बैल आणि गायी यांची बेरीज चारपर्यंत ठेवून १५ जोड्या होतात, पण ३ बैल आणि १ गाय ही जोडी अशक्य आहे, कारण तीन अंक जागेवर असतील तर चौथ्याला चुकायला जागाच नाही. पहिल्या खेळीनंतर सर्वांत मोठा गट गुरुजींनी सांगितलेला १४४० चा, त्याखालोखाल '२ गायी' या उत्तराचा १२६०, मग आपल्याला मिळालेला '१ बैल १ गाय' ७२० चा. आपला डाव ५०४० वरून ७२०, तिथून १६५ आणि तिथून ८ असा उतरत गेला आहे, आणि तीन खेळींत एवढी मजल ही चांगली प्रगती आहे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर: उत्तम रीतीने खेळले तर कोणतीही गुप्त संख्या जास्तीत जास्त ७ खेळींत सापडतेच, आणि सर्व संख्यांवरची सर्वांत कमी सरासरी सुमारे ५.२१ खेळी आहे. संगणकाने सर्व शक्यता तपासून हे काढलेले आहे. तेव्हा आपला सहा खेळींचा डाव वाईट मुळीच नाही.

या प्रकारच्या खेळाचा अभ्यास 'मास्टरमाइंड' या रंगीत खुंट्यांच्या खेळामुळे पुढे आला. मोर्डेकाय मायरोविट्झ यांनी तो १९७० च्या सुमारास तयार केला आणि इंग्लंडमधील लेस्टरच्या इनव्हिक्टा प्लास्टिक्सने तो बाजारात आणला. त्यात सहा रंग आणि चार जागा, रंग पुन्हा वापरता येतात, म्हणून एकूण १२९६ मांडण्या. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की कोणतीही मांडणी पाच खेळींत ओळखता येते. त्यांची पद्धत रानजाई यांच्या मूळ प्रश्नाला थेट भिडते. प्रत्येक संभाव्य खेळीसाठी उरलेल्या मांडण्यांचे गट पाडायचे, त्यांतला सर्वांत मोठा गट किती मोठा आहे ते पाहायचे, आणि ज्या खेळीचा हा सर्वांत मोठा गट सर्वांत लहान असेल ती खेळी निवडायची. खेळी उत्तराशी जुळलीच पाहिजे अशी अट त्यांनी घातली नाही. दोन खेळी बरोबरीत आल्या तरच जुळणाऱ्या खेळीला झुकते माप दिले.

हेच आपल्या खेळासाठी करायचे तर छोटासा प्रोग्राम पुरतो. ५०४० खेळी आणि ५०४० संख्या यांची प्रत्येकाशी तुलना केली तरी सुमारे अडीच कोटी तुलना होतात, आणि आजचा साधा फोनही ते काम लवकर उरकतो. पण मी आग्रहाने सांगेन की आधी गुरुजींचा तक्ता हाताने भरावा. गट कसे पडतात हे हाताने अनुभवल्याशिवाय प्रोग्रामने दिलेली खेळी का चांगली आहे हे समजत नाही.

जाता जाता, आपल्या डावातील गुप्त संख्या ६१७४ निघाली याचा मला वेगळाच आनंद झाला. देवळालीचे शिक्षक आणि गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये शोधलेला हा स्थिरांक. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, हेच पुन्हा पुन्हा करा, आणि जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येते. गणिताची आवड असलेल्या माणसाने मनात धरलेली संख्या ओळखायची असेल तर ही शक्यता जरूर ध्यानात ठेवावी, कारण माणसे फोनसारखी निव्वळ यादृच्छिक संख्या निवडत नाहीत.

मोगरा:

माणसांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. मी आणि माझी मुलगी हा खेळ समोरासमोर बसून खेळतो. प्रत्येकीची एक गुप्त संख्या, आळीपाळीने एकेक खेळी, जिला आधी सापडेल ती जिंकली. अशा शर्यतीत चतुरंग यांचा हिशेब थोडा बदलतो असे मला वाटते. ७६१४ आणि ६८७१ यांची सरासरी सारखी असली, तरी ७६१४ मध्ये याच खेळीला जिंकण्याची आठात एक शक्यता आहे आणि ६८७१ मध्ये ती नाही. माझी मुलगी पुढच्याच खेळीला जिंकणार आहे असे तिच्या चेहऱ्यावरून दिसत असेल, तर मला उत्तराशी जुळणारीच संख्या विचारली पाहिजे.

आमच्या घरी आणखी एक वाद आहे. मुलीच्या फोनवरील ॲपमध्ये अंक पुन्हा येऊ शकतात आणि तिथे गायी कशा मोजायच्या यावरून आमचे जुळत नाही. गुप्त संख्या ११२३ असेल आणि मी १४११ विचारले, तर माझ्या मते १ बैल आणि २ गायी व्हाव्यात. ॲप १ बैल आणि १ गाय दाखवते.

चतुरंग:

शर्यतीबद्दलचे आपले निरीक्षण अगदी योग्य आहे. प्रतिस्पर्धी एका खेळीवर येऊन ठेपला असेल तर जिंकण्याची थेट शक्यता देणारी खेळीच हवी, त्या वेळी जास्त गटांचा काही उपयोग नाही.

गायींबद्दल मात्र ॲप बरोबर आहे. गुप्त संख्येतला प्रत्येक अंक एकदाच खर्ची पडतो. ११२३ मध्ये १ दोनदाच आहे. आपल्या १४११ मधला पहिला १ जागेवर आहे, तो बैल झाला आणि गुप्त संख्येतला एक १ संपला. उरलेल्या एका १ साठी आपल्या शेवटच्या दोन १ पैकी एकच गाय ठरू शकतो, दुसऱ्याला जोडीदार नाही. म्हणून आधी सगळे बैल मोजून ते अंक दोन्ही संख्यांतून खोडावेत, आणि मगच उरलेल्या अंकांच्या जोड्या लावून गायी मोजाव्यात. अंक पुन्हा येऊ दिले की एकूण संख्या १०,००० होतात, तेव्हा गुरुजींच्या तक्त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी 'किती वेळा' असा एक पाचवा रकाना वाढवावा लागेल.